एकशे आठ पानं

१

मृण्मयीनं पानं दुसऱ्यांदा मोजली. औषधांच्या कंपनीत ती गोळ्यांची शुद्धता तपासायचं काम करायची, त्यामुळे एकदा मोजून विश्वास ठेवायची सवय तिला नव्हती. पण या वेळीही आकडा तोच आला.

"एकशे आठ," ती म्हणाली.

गारखेड्यातल्या तिच्या मुकुंदमामांच्या बैठकीत डबा सगळ्यांसमोर उघडा होता.

दशावतारी गंजिफ्याचा जोड एकशे वीस पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. पानं गोल, तळहातात मावतील एवढी. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले, त्यावर रंगकाम आणि पाठीला लाल लाखेचा हात. मुकुंदमामांकडे असे पाच-सहा जोड होते, पण या जोडाला त्यांनी जन्मभर तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. इतका जुना आणि इतका पुरा जोड दुसरा कुणाकडे नाही, असं ते येईल त्याला सांगायचे.

"मुकुंदराव, आपण तर पुरा जोड म्हणाला होता," खुलताबादचे मोतीराम म्हणाले. जुन्या वस्तूंच्या व्यापारात त्यांचे केस पांढरे झाले होते. मुंबईतल्या एका प्रदर्शनासाठी हा जोड मागायला ते आले होते. डबा उघडायचा आग्रहही त्यांचाच. मामा दोनदा म्हणाले होते, आज नको, पुढल्या वेळी बघू.

मामांचा उजवा हात मांडीवर पडून होता. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर तो तसाच असायचा. मूठ मिटलेली, आत नॅपकिनची गुंडाळी, नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून.

"चोरी झाली असणार," मामा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"असणार काय, झालीच आहे," त्यांचा मुलगा मंदार उठून उभा राहिला. तो सुट्टीला पुण्याहून आला होता. "कपाटाची किल्ली कुठं असते हे घरात तिघांना माहीत. तुम्ही, आई आणि तुमची शुश्रूषा करायला येणारा तो गोकुळ. आता सांगा, आणखी कुणाचं नाव घ्यायचं?"

पद्मजामामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अरे मंदार, तो पोरगा तसा नाही रे."

"आई, कुणीच तसा नसतो. बाबा, तुम्ही बोला. तुम्हाला वाटतं ना तसं?"

मामांनी गोकुळचं नाव घेतलं नाही. पण नाही असंही म्हणाले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी मंदार त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तक्रार त्यानंच सांगितली. मामांनी खाली डाव्या हातानं सही केली.

२

पुंडलिकनगरात एका दुमजली घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. भरतीची तयारी करणारी चार पोरं तिथं राहायची. गोकुळ दारातच बसला होता, बूट हातात घेऊन. मृण्मयीला बघून तो उठला आणि त्यानं आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

"बसा ताई. चहा सांगू का?"

"नको. गोकुळ, मी तुला एकदाच विचारते."

"नाय घेतली," तो म्हणाला. "विचारायच्या आधीच सांगतो. तुमचा टाइम वाचंल."

त्याचं पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव लागलं होतं. मैदान निघालं, लेखी निघाली. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. काम तसं कागदोपत्री, पण त्यात विचारतात, उमेदवारावर गुन्हा दाखल आहे काय. कालपर्यंत त्याचं उत्तर नाही असं होतं.

"गावात बापानं पेढे वाटले," गोकुळ म्हणाला. "कडूबाचं पोरगं पोलीस झालं म्हनून. आता तेच पोलीस नोटीस घेऊन गेले घरी. बाप इचारतो, बाबा, हे कुठल्या नेमणुकीचं पत्र हाय?"

तो हसला. मृण्मयीला हसता आलं नाही.

"मंदारदादा म्हणतो, तुझ्या फोनमध्ये पानांचे फोटो होते. ते तू मोतीरामांना पाठवलेस."

"पाठवले की. काकांनीच पाठवायला लावले. त्यांना फोन धरून फोटो काढता येत नाय, तर कोन काढनार? मी काढले. मोतीरामशेठनी मागितले होते, किंमत करायला."

"हे तू ठाण्यात सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनले, काकांना विचारू."

"आणखी काही वेगळं घडलं होतं? मागच्या आठवड्यात?"

गोकुळनं आठवून बघितलं. "तसं काय नाय. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी उशिरा गेलो. आमच्याकडंबी पाणी त्याच दिवशी सुटतं, हंडे भरल्याशिवाय मालकीणबाई जाऊ देत नाय. गेलो तर काकांची मूठ लई आवळलेली. उघडून धुतली तर तळवा लालेलाल. मी म्हनलं, काका, आमाला न बोलवता मेंदी काढली का? एरवी हसतात. त्या दिवशी अंगावर आले. म्हनले, तोंड बंद ठेव आन् काम कर." त्यानं बुटाची नाडी ओढून घट्ट केली. "मानसाचं काय, एखांदा दिवस खराब असतो."

जिना उतरता उतरता मृण्मयीनं मामांना फोन लावला.

"मामा, ते फोटो मोतीरामांना पाठवायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग मामा म्हणाले, "मला आठवत नाही, मृणू."

पाच-सहा जोडांतल्या पानापानावरचं चित्र ज्यांना तोंडपाठ होतं, ते मामा असं म्हणत होते.

३

खुलताबादला मोतीरामांचं दुकान वेशीच्या आत होतं. पितळी पानदानं, बिदरी हुक्क्यांची बुडं, चावी हरवलेली घड्याळं. मृण्मयीनं डबा सोबत नेला होता. मामींनी तो मंदारची पाठ वळल्यावर तिच्या पिशवीत घातला होता.

"आओ बाई, बसा," मोतीराम म्हणाले. "मला पण ठाण्यात बोलावलं होतं. फोटो का मागवले म्हणे. अरे बाबा, धंदाच तो आहे माझा. न बघता माल मागू का?"

"मी भांडायला नाही आले. मला खेळ समजावून सांगा."

मोतीरामांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. मग गादीवर पांढरी चादर अंथरून पानं मांडली. कोणती नाहीत ते मृण्मयीनं आधीच काढून ठेवलं होतं. दोन मत्स्याची, एक वराहाची, वामनाची तीन, अशी विखुरलेली बारा. बहुतेक हलकी. राजा त्यात एकच, रामाचा.

"आता तुम्ही चोर असता तर काय उचललं असतं?" तिनं विचारलं.

"डबा. पूर्ण. नाहीतर दहा राजे. खरं काम राजांवरच असतं, बाकीच्या पानांवर नुसत्या खुणा. वामनाची तिर्री नेऊन कुणाचं भलं होणार?" त्यांनी हनुवटी खाजवली. "ही चोराची निवड नाही, बाई. हा हात आहे."

"हात म्हणजे?"

"वाटून आलेली पानं. असंच येतं, थोडं याचं, थोडं त्याचं. आणि बघा, रामाचा राजा आहे. दिवसा डाव बसला की रामाचा राजा ज्याच्याकडं, तो उघडतो. रात्री कृष्णाचा. म्हणजे कुणीतरी दिवसाउजेडी खेळायला पानं हातात घेतली."

मृण्मयीनं उरलेल्या गड्ड्यांकडे बोट केलं. "आणि ही लावून ठेवलीत ती पद्धत? इथं राजा, प्रधान, मग दहा, नऊ, आठ. आणि या रंगात राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री, तिर्री. मला वाटलं, घाईत उलटी पडली."

मोतीरामांनी गड्ड्या उचलल्या आणि एकेक पसरत गेले. दहाही बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"घाई कसली. बरोबर लावलंय. पाच रंगांत दहा मोठा असतो, बाकीच्या पाचांत एक्का. खेळणाऱ्याच्या बोटांना ते आपोआप कळतं. न खेळणारा सगळे रंग एकसारखेच लावणार. तुम्ही लावाल, गोकुळ लावेल, मंदारसाहेबही तसेच लावतील."

"मग हे कुणी लावलं?"

"या बाजूला हा खेळ येणारे मला दोघेच ठाऊक आहेत," मोतीराम म्हणाले. "एक मी. आणि मी त्या दिवशी येईपर्यंत वर्षभर तुमच्या मामांची पायरी चढलो नव्हतो. हवं तर मामींना विचारा."

परतीच्या घाटात मृण्मयीनं गाडी बाजूला लावली. उत्तर समोर होतं. ते चुकीचं निघावं असं तिला वाटत होतं. प्रयोगशाळेत तिला असं कधी वाटलं नव्हतं.

४

"मामी, मामांच्या मुठीतले नॅपकिन कुठं आहेत?"

"कपाटात, खालच्या कप्प्यात. का गं?"

धुतलेल्या नॅपकिनांच्या चळतीत एकावर लालसर डाग होता, चार बोटांएवढा.

"तो जातच नाही," मामी म्हणाल्या. "दोनदा साबण लावला. कुंकू असतं तर पहिल्या पाण्याला गेलं असतं."

मृण्मयीनं डागाच्या एका टोकावर पाणी टाकलं. काही झालं नाही. दुसऱ्या टोकावर गोकुळ मामांच्या पाठीला लावायचा त्या स्पिरिटच्या बाटलीतले दोन थेंब टाकले. डाग पसरला, कडेला नारिंगी वलय उमटलं, आणि बोटाला चिकट लागलं. लाख पाण्याला दाद देत नाही. स्पिरिटमध्ये विरघळते.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार सोपं निघालं.

"मामी, एक सांगा. देवाचं चित्र असलेली वस्तू फुटली, फाटली तर तुम्ही काय करता?"

"काय करणार. कचऱ्यात थोडीच टाकायची? निर्माल्यात ठेवते. साठलं की गोदावरीला नेऊन सोडतो, पैठणला जाणं होतं तेव्हा." मामी बोलता बोलता थांबल्या. "का?"

निर्माल्याची पिशवी मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली होती. खांद्याच्या उंचीवर, डाव्या हाताला. वर वाळलेला झेंडू, त्याखाली दुर्वा, जास्वंदी, तुळशीच्या काड्या. मृण्मयीनं जमिनीवर कागद पसरून पिशवी हळूच रिकामी केली.

तळाशी रुमालात बांधलेलं पुरचुंडीएवढं काहीतरी होतं. गाठ दातांनी आवळलेली असावी. एक टोक चावलेलं दिसत होतं.

आत बारा पानं होती. एकही अख्खं नव्हतं. मधोमध मोडलेली, लाख तडकून टवके उडालेली, कापडाचे थर सुटलेले. रामाच्या राजाचा चेहरा दोन तुकड्यांत होता आणि मधला भाग नव्हताच.

मामी खाली बसल्या. "हा नॅपकिन लाल झाला त्या दिवशी पाणी आलं होतं गं," त्या म्हणाल्या. "मी गच्चीवर टाकीपाशी होते. खूप वेळ होते."

चोर असता तर त्यानं तुकडे कुठंही फेकले असते. निर्माल्यात ठेवायला घरचंच माणूस हवं, आणि पानं अशी लावायला खेळणारं. मामी उलट्या-सुलट्या रंगांबद्दल काही जाणत नव्हत्या. डब्याला हात लावायची त्यांना कधी मुभाच नव्हती. मंदार त्या दिवशी पुण्यात होता.

"मी बोलते त्यांच्याशी," मृण्मयी म्हणाली.

"नको," मामी म्हणाल्या. मग रुमालाची टोकं सारखी करत, "बोल. पण दार लावून घे."

५

मामांनी रुमाल बघितला आणि नजर वळवली नाही.

"मोतीरामनं येतो म्हणून कळवलं होतं," ते म्हणाले. "प्रदर्शनात नुसती पानं ठेवणार नाही म्हणाला, खेळून दाखवा. लोकांसमोर. मला वाटलं, बघावं. डाव्या हातानं पान टाकता येईल. पण धरायचं कशात? खेळायचं तर एका हातात पानं धरावी लागतात. म्हणून उजवीत खोचली. बसली गं. अगदी पंख्यासारखी बसली. इतक्या महिन्यांनी."

बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली. मामी दार उघडायला गेल्याचं ऐकू आलं.

"मग मूठ मिटायला लागली," मामा म्हणाले. "मी मिटली नाही. ती मिटली. मी तिला थांब म्हणत होतो. डाव्या हातानं एक बोट उघडलं, दुसरं उघडायला गेलो की पहिलं मिटायचं. आतून आवाज यायला लागला, पापड मोडल्यासारखा. हिला हाक मारता आली असती. नाही मारली. हाक मारून काय सांगायचं, माझा हात माझी पानं मोडतोय, ये आणि सोडव?"

"मामा, पण गोकुळ..."

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"तुम्ही सही केलीत."

मूठ मांडीवर तशीच होती.

"चोरी झाली म्हटलं की लोक हळहळतात," ते म्हणाले. "हातानं मोडली म्हटलं की कीव करतात. मला एवढाच फरक दिसला त्या वेळी. पोराचं नाव मंदारनं घेतलं आणि मला वाटलं, दोन दिवस चौकशी होईल, काही सापडणार नाही, सुटेल तो. त्याची भरती... मला ते सुचलंच नाही, मृणू. मी माझ्यातच होतो."

"आता चला. ठाण्यात जाऊन हेच सांगा."

"चल," मामा म्हणाले आणि डाव्या हातानं काठी शोधू लागले.

दाराबाहेर मंदार उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं.

"कुठं निघालात?" तो म्हणाला. "बाबा, खोटी तक्रार केली हे तोंडानं सांगितलंत तर उलटा गुन्हा तुमच्यावर लागेल. या अवस्थेत तुम्हाला मी कोर्टाच्या पायऱ्या चढवू?"

"आणि गोकुळनं चढायच्या?" मृण्मयीनं विचारलं.

"तो तरुण आहे. त्याला दुसरी नोकरी मिळेल."

मामा त्याच्या शेजारून पुढं निघाले. मंदारनं अडवलं नाही. मागोमाग गाडीची किल्ली घेऊन तोही आला.

६

अधिकारी समंजस होते. त्यांनी मामांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, तुकडे कागदावर मांडून बघितले आणि मृण्मयीचं म्हणणं मधे न तोडता ऐकलं. उलट्या-सुलट्या रंगांचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"मॅडम, तुमचं डोकं चांगलं चालतं," ते म्हणाले. "मला पटलं. पण मला पटून भागत नाही."

"म्हणजे?"

"गुन्हा दाखल झालाय. दाखल झालेला गुन्हा मला खोडता येत नाही. यांचा पुरवणी जबाब घेतो, तुकडे जमा करतो, अहवाल पाठवतो. कोर्ट मान्य करेल, तेव्हा संपेल."

"साहेब, एक मिनिट," मंदार म्हणाला. आवाज खाली होता, आणि तो मामांकडे बघत नव्हता. "झटक्यानंतर बाबांना सगळं नीट आठवत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. परवा फोटोंबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हाही ते आठवत नाही म्हणाले होते. तुमच्याकडे लिहिलेलं असेल."

अधिकाऱ्यांनी मागचा जबाब काढला. तसं लिहिलेलं होतं.

"मला आठवतं," मामा म्हणाले. "सगळं आठवतं. फोटोही मीच पाठवायला लावले. परवा मी खोटं बोललो."

"आजोबा, परवा खोटं आणि आज खरं, हे मी कशावरून लिहू?" अधिकारी हळू आवाजात म्हणाले. "लिहितो मी तुम्ही म्हणता तसं. पण कोर्टात हाच प्रश्न येणार. वेळ लागेल."

"पडताळणी तोवर थांबेल?" मृण्मयीनं विचारलं.

"यादी कुणासाठी थांबत नाही, मॅडम. खालचा उमेदवार वर येतो."

मामांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग विचारलं, "मी आणखी काय करू? कुठं सही करू?"

जबाब लिहून झाला. मामांनी डाव्या हातानं सही केली. आधीच्या सहीशी ती फारशी जुळत नव्हती. अधिकाऱ्यांनी दोन्ही बघितल्या आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात लिंबाखाली गोकुळ उभा होता, हजेरीला बोलावला होता म्हणून आलेला. शेजारी त्याचा बाप कडूबा, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी हातात. मृण्मयी पुढं झाली आणि तिनं आत काय झालं ते सांगितलं, काही न लपवता. गोकुळनं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या दिवशीची मेंदी ती व्हय," तो म्हणाला. "मीच धुतली की ती, ताई."

कडूबानं विचारलं, "मंग आता झालं ना मिटलं? सायबांनी सोताच सांगितलं म्हनल्यावर?"

मृण्मयीनं मान वळवली.

ठाण्याच्या दाराशी मामा आले होते. पायऱ्या उंच होत्या, कठडा फक्त उजव्या बाजूला. चढताना मंदारनं ओढून घेतलं होतं, आता तो फोनवर बोलत गाडीकडे निघून गेला होता. मामांनी काठी खालच्या पायरीवर टेकवून बघितली, परत वर घेतली. गोकुळ त्यांना कसा उतरवायचा ते मृण्मयीनं कितीदा पाहिलं होतं. समोर तोंड करून, त्यांची दुबळी बाजू आपल्या खांद्यावर घेत, 'आधी वाईट पाय, काका' म्हणत.

गोकुळ नकळत पुढं झाला.

"ए," दारावरचा हवालदार म्हणाला. त्यानं आवाज चढवला नव्हता. "तुला सांगितलंय ना, फिर्यादीच्या जवळ जायचं नाही. उद्या दबाव आणला म्हणतील. तुझ्याच भल्याचं सांगतो."

गोकुळ जागच्या जागी थांबला आणि त्यानं दोन्ही हात मागं घेतले. मामा वरून त्याच्याकडे बघत होते. तो खाली बघत होता, मामांच्या पायाकडे.

मृण्मयी धावत पायऱ्या चढली. मामांचा उजवा दंड धरला. तो कुठं धरायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं.